हाताला काळं का लागलं नाही?

आज दुपारी गॅरेजवर जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून जेवायचं सोडून लिहायला बसलोय. लांबणार आहे.

दहा चाकी गाडी टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढत आली. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात चढावर उभी राहिली ती पुढं हललीच नाही. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेटला लायनर, म्हणजे घासून पकड घेणारा थर, नावालाही शिल्लक नाही. रिव्हेट घासून फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनच्या जड चाकावर, चरे पडलेले आणि सगळं फ्लायव्हील तापून निळं झालेलं. पाच महिन्यांपूर्वी मीच नवा सेट टाकला होता त्या गाडीत. मालक आला. तिशीतला पोरगा, चार गाड्या आहेत. बिलाचा अंदाज विचारला, मी 31 हजार म्हणालो. तो सगळ्यांदेखत ड्रायव्हरला म्हणतो, "दहा महिने तीन-तीन हजार कापणार तुझ्या पगारातून. गाडी म्हणजे काय तुझ्या बापाची हाय का?"

ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचं लेकरू. गेवराईकडचं. हातात जेवणाचा डबा, तो उघडलाही नव्हता त्यानं.

आता चूक कोणाची? त्याचीच होती. मी 22 वर्षं पाना धरतोय, क्लच कसा जळाला ते प्लेट बघून सांगू शकतो. हे पोरगं पाय क्लचवर ठेवूनच गाडी चालवतं. घाटात रांग लागली की हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरून ठेवतं. पुढची गाडी दोन फूट सरकली की हे दोन फूट सरकतं, परत हाफ क्लच. वीस-पंचवीस टनांचं ओझं त्या एका चकतीवर तोललेलं. प्लेट घसरत राहते, तापते, आणि जे लायनर वर्ष-दोन वर्षं टिकायला पाहिजे ते काही महिन्यांत राख होतं. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तर त्याच्याही आधी ओरडायला लागतं.

पण मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला हे शिकवलं कुणी?" म्हणाला, "कुणीच नाही काका. मी पिकअप चालवायचो. लायसन्स हेवीचं झालं अन् डायरेक्ट गाडीवर बसलो."

तिथं मला माझा मामा आठवला.

1998 साल. मी सोळाचा, दहावीत गेलेला, आणि मामाच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर. टाटाची सहा चाकी. सोलापूरकडून सिमेंट भरून जालन्याला निघालो होतो. मामाचा एक नेम होता. घाट उतरला की बीडच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यायची आणि मला सांगायचं, "हात लावून ये." म्हणजे खाली उतरून एकेका चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्यायची. सगळे सारखे कोमट असले तर ठीक. एखादा जास्त तापला असेल तर तिथं ब्रेक धरून बसलाय, किंवा बेअरिंग जायला लागलंय. एखादा अगदी गार असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही, बाकीची चाकं त्याचं काम करतायत. मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग पुसायचा, नट चाचपायचे, टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं टायर ठोकून आवाज ऐकायचा. पाच मिनिटांचं काम.

त्या रात्री जानेवारीची थंडी होती. मी पुढची दोन चाकं नुसती लांबून बघितली, मागं गेलोच नाही. येऊन म्हणालो, "सगळं बरोबर हाय मामा."

पुढचं सांगतो, पण आधी हे. आपल्या ग्रुपवर परवा कोणीतरी टाकलं होतं, 'ड्रायव्हर लोक गाडीची वाट लावतात'. खाली पन्नास अंगठे. त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक. बाबांनो, लावतात वाट, मी कुठं नाही म्हणतो? रोज बघतो. उतारावर गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणून. अरे, आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जाणंच बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल पीत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडीला धरून ठेवणारं इंजिन मोकळं सुटतं. सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतं, पॅडल दाबत राहा, गाडी ऐकत नाही. त्यात इंजिन आयडलवर असल्यामुळं ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर हळू फिरतो. पॅडल मारून मारून हवा जाते तेवढी भरत नाही. मामा म्हणायचा, ज्या गिअरला घाट चढशील त्याच गिअरला उतर.

घाट चढून धाब्यावर आले की लगेच चावी काढतात. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आत गरगर फिरत असतो, लालबुंद तापलेला, आणि त्याचं ऑइल एका क्षणात बंद. ते तेल तिथंच जळून कोळसा होतं, बेअरिंग जातं. दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्यायचं, बस. हवेच्या टाकीखालचा कॉक रोज सोडून पाणी काढायचं असतं, ते सहा-सहा महिने कोणी काढत नाही. मी काढतो तेव्हा लोटाभर तांबडं पाणी पडतं. तेच पाणी व्हॉल्व्ह गंजवतं, मग ब्रेक अर्धवट सुटतो, मग ड्रम जळतो. जोड टायरच्या फटीत दगड अडकलेला असतो, तो काढायला कोणी खाली उतरत नाही.

खाली उतरायला आहे कोण पण? मला हे विचारायचंय. किन्नर कुठं गेला?

मालकांनी काढला. पाच-सात हजार वाचवायला. आता पट्ठ्यानं एकट्यानं गाडी हाणायची, ताडपत्री एकट्यानं ओढायची, रिव्हर्स एकट्यानं घ्यायचा, आणि मागचा फाळका भिंतीला लागला की नुकसान त्याच्याच पगारातून. किन्नर म्हणजे फक्त चहा आणणारा पोरगा नव्हता. ड्रायव्हर घडायची शाळा होती ती. तीन-चार वर्षं शेजारच्या सीटवर बसून माणूस गाडीचा आवाज ओळखायला शिकायचा. स्प्रिंगचा पाटा तुटला तर कसा आवाज येतो, जॉईंट खेळला तर कसा धक्का बसतो, लायनर जळालं तर कसला वास येतो. ते शिकल्यावरच उस्ताद स्टिअरिंग हातात द्यायचा, तेही आधी रिकाम्या गाडीचं. ती शाळा आपणच बंद केली आणि आता नापास झाला म्हणून पोराच्या पगारातून पैसे कापतो.

मान्य, त्या शाळेत मारही होता. पगार नावाला, झोप केबिनच्या टपावर. मी तरी सुखात नव्हतो. आणि हो, काही ड्रायव्हर डिझेल काढून विकतात, तेही मला माहीत आहे.

पण डिझेल बांधून कोण देतं? एवढ्या खेपेला एवढे लिटर, कमी पडलं तर खिशातून टाक. मग तो न्यूट्रल मारणार नाही तर काय करेल? त्याला वाटतं दोन लिटर वाचतील. खेपेवर पैसे ठरवता, म्हणजे तो थांबला की त्याचा तोटा. मग तो घाटाखाली पाच मिनिटं कशाला थांबेल? मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 1961 सालीच झाला होता, दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं त्यात. माझ्याकडं येणारी पोरं जालन्याहून सळई भरून निघतात ती दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे तांबडे करून गॅरेजवर पोचतात. झोप नसलेल्या माणसाचा पाय क्लचवर पडून राहतो, तो काही मुद्दाम ठेवत नाही. 2018 ला दहा चाकीची मालासकट एकूण वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन केली सरकारनं. तरी त्याच्यावर भरताच. मग पाटा तुटला की म्हणायचं, खड्ड्यात आपटली यानं.

लिहिता लिहिता डोकं तापलं. पाणी पिऊन आलो.

तर त्या रात्री. गढी गेलं, गेवराई गेली, शहागडच्या पुलाच्या अलीकडं मामाला वास आला. उतरून बघतो तर डाव्या बाजूचं मागचं चाक धुपत होतं. लायनर चिकटून बसलं होतं घाटापासूनच. ड्रम तापला, ग्रीस पातळ होऊन वाहून गेलं, बेअरिंग कोरडं फिरून जाम झालं. आम्ही माती टाकली, कॅनमधलं पाणी टाकलं. आतला टायर गेला, हब गेला. मामाची स्वतःची गाडी, कर्जाची.

मामानं एवढंच विचारलं, "हात लावला व्हता का?"

मी म्हणालो, "व्हय."

मामानं माझा हात धरला, हेडलाईटसमोर नेला, उलटा केला, सुलटा केला. हब पुसून, नट चाचपून आलेल्या माणसाच्या हाताला काळं लागतं. माझा हात स्वच्छ होता.

काही बोलला नाही तो. मारलं नाही, पैसे कापले नाहीत. सकाळी गेवराईहून मिस्त्री आला, बेअरिंग आलं, आणि मामानं नवं ग्रीस माझ्या हातावर ठेवलं. बेअरिंगच्या एकेका गोळीत तळहातानं दाबून भरायला लावलं. "आतून भर. वरून दिसतंय तेवढं भरून भागत नसतंय." सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. त्यानंतर मी कधी न बघता 'बघितलं' म्हणालो नाही.

म्हणून आज त्या मालकाला मी एक गोष्ट बोललो. मजुरी घेणार नाही, फक्त पार्टचे पैसे दे, आणि त्या पोराचा एक रुपया कापायचा नाही. कापलास तर तुझ्या चारही गाड्या दुसरीकडं ने. चिडला तो. जाताना 'बघतो' म्हणाला. बघू दे. मी शब्द मागं घेणार नाही.

आणि मालक मंडळी, जे माझ्या लिस्टमध्ये आहात ते सगळे. रविवारी सकाळी आठ ते दहा गॅरेज ड्रायव्हरांना हेच शिकवायला उघडं ठेवतोय. ड्रायव्हर पाठवा. गाडी सोबत असली तर चांगलंच. फी नाही, चहा माझा. पण त्या दोन तासांचा त्याचा पगार कापू नका, आणि खेप चुकली म्हणून फोन करत बसू नका. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, गुडघे गेलेत, तरी म्हणाला खुर्ची ठेव, येतो.

ते गेवराईचं पोरगं संध्याकाळी सहापर्यंत माझ्यासोबत गाडीखाली होतं. जायच्या आधी चाकाजवळ बसून विचारत होतं, "काका, हात पुढून लावायचा का मागून?"

मागून. आणि चिकटवायचा नाही, चार बोटं लांब धरायचा. जळलं तर मागं भाजतं, तळहात कामाला राहतो.