‘अजून थोडे पैसे टाक’ म्हणणाऱ्या सर्व जाणकारांस

आज सकाळी भाच्याने त्याच्या मित्रांच्या गटातील, कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रे तयार करणारा भाग) घेण्याविषयीचे एक संभाषण मला पाठवले आणि खाली एवढेच लिहिले, “मामा, मी वेडा आहे का?” ते संभाषण मी दोनदा वाचले. तेव्हापासून डोके असे तापले आहे की इथे लिहून मोकळे झाल्याशिवाय दुसऱ्या कशात लक्ष लागेल असे वाटत नाही.

त्याचा प्रश्न अगदी नेटका होता. हातात इतके इतके पैसे आहेत, मॉनिटर १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलचा) आणि ६० हर्ट्झचा आहे, प्रोसेसर २०१७ सालचा आय५-८४०० आहे, चार-पाच ठरावीक गेम खेळायचे आहेत, तर ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे? स्वतः त्याने एनव्हिडियाचे ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०५० हेरून ठेवले होते. त्यावर पहिल्याने सांगितले की थोडे पैसे टाकून नव्या पिढीचे ५०५० घे. दुसरा म्हणाला की ५०५० पर्यंत आलाच आहेस, तर ५०६० का नको? तिसरा ५०६० टीआयवर गेला. चौथ्याने तर ८ जीबीचे कार्ड घेणारा मूर्ख असतो, घ्यायचेच असेल तर १६ जीबीचे घे, नाहीतर गेमिंगचा नाद सोड, असा निकालच देऊन टाकला. प्रत्येकाने टाकायला सांगितलेले पैसे थोडेच होते, परंतु चार पायऱ्यांत त्या मुलाचे बजेट कुठल्या कुठे गेले आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकानेही दिले नाही.

बजेटचा आकडा कोणी घासाघीस करण्यासाठी सांगत नाही. मुलाने पैसे साठवले, मोजले आणि मग विचारले. त्या मोजण्याचा मान राखणे इतके अवघड का जावे?

मी हे इतक्या तळमळीने लिहितो आहे, कारण २०१७ साली मी स्वतः याच वाटेने गेलो आहे. तेव्हा मला ७५ वॅटचे साधे कार्ड पुरले असते, जे मदरबोर्डच्या (सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीच्या) स्लॉटमधूनच वीज घेते आणि ज्याला वेगळी वायर लागत नाही. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, अगदी मायेने, “घेतोच आहेस तर चांगले घे” असे म्हणत मला १८५ वॅटचे कार्ड घ्यायला लावले. पॉवर सप्लायला (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डासाठीची ८ पिनची वायरच नव्हती, म्हणून मी एक जोडवायर आणून लावली. शंका खरे तर तिथेच यायला हवी होती. गेम सुरू केला, पहिली मोठी लढाई जुंपली आणि ‘टक्’ असा आवाज होऊन मशीन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तीच लढाई, पुन्हा ‘टक्’. दोन दिवस मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढत आणि घालत बसलो. तिसऱ्या दिवशी कॅबिनेटची बाजू उघडून टॉर्चच्या उजेडात पॉवर सप्लायवरचे लेबल वाचले, तेव्हा उलगडा झाला. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापले होते आणि खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर होते. बारा अठरे दोनशे सोळा, म्हणजे २१६ वॅट. कार्डाचे १८५ आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २५० वॅट होत होते, आणि ही दोन्ही मंडळी मुख्यतः त्याच १२ व्होल्टवर जगतात.

नवा पॉवर सप्लाय घेतला. मग लक्षात आले की माझा दोन कोअरचा (हिशेब करणारी दोनच केंद्रे असलेला) प्रोसेसर पूर्ण दमला तरी कार्ड अर्धवट रिकामेच बसलेले असते. मग प्रोसेसर, त्यापाठोपाठ मदरबोर्ड, त्यापाठोपाठ रॅम. एवढे सगळे झाल्यावर चित्र कुठे उमटत होते, तर १३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर, म्हणजे जेमतेम १०.५ लाख पिक्सेलवर. १०८०पीला ते २०.७ लाख होतात. त्या ‘थोड्या’ पैशांचा हिशेब मी आजवर घरात कोणाला पूर्ण सांगितलेला नाही.

म्हणूनच माझे म्हणणे आहे की कार्डाचे नाव उच्चारण्याआधी आपण समोरच्याच्या कॅबिनेटमध्ये काय आहे ते विचारावे. भाच्याच्या त्या संपूर्ण संभाषणात पॉवर सप्लायबद्दल एक शब्दही नाही. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो, म्हणजे कार्डाला एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याहून वेगाने चित्रे तयार झाली तरी डोळ्यांना त्याचे फारसे सुख नसते. वेगवान नेमबाजीच्या खेळात हाताला थोडा फरक जाणवतो, हे मान्य. पण भाच्याच्या यादीत तसा एकच गेम आहे, आणि तो जुन्या कार्डांवरही धावतो.

मशीन न विचारता दिलेला स्वस्तातला सल्लाही तितकाच घातक असतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचे उदाहरण घ्या. लांब स्लॉटमध्ये ते ऐटीत बसते, पण त्यातल्या ४ लेनच (माहिती ये-जा करणाऱ्या मार्गिका) वापरते. नव्या मदरबोर्डवर, स्लॉट पीसीआयई ४.० या वेगवान पिढीचा असल्यास, तेवढ्याने कसेबसे भागते. भाच्याच्या बोर्डासारख्या ३.० वर तो रस्ता निम्म्याने अरुंद होतो आणि कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की प्रत्येक गोष्ट त्याच बोळातून आणावी लागते. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी मेमरी घेऊन आले आणि त्याचे कौतुक योग्यच झाले, परंतु त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय) लागतो, इंटेल स्वतः आर्कसाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवते आणि जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड चांगलेच मागे पडते. भाच्याचा प्रोसेसर आठव्या पिढीतला आहे. हे कोणी बोलले का? नाही. सगळे १६ जीबीच्या गप्पा मारत होते.

आता त्या ८ जीबीविषयी. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रे) सर्वांत वरच्या सेटिंगवर ठेवले तर ८ जीबी अपुरी पडते, हे खरे आहे. सेटिंग एक घर खाली आणण्याची सोय त्याच मेनूमध्ये दिलेली असते, हेही तितकेच खरे आहे.

राग फक्त सल्लागारांवर काढणेही अन्यायाचे होईल, कारण कार्डे बनवणाऱ्यांनी गोंधळ घालण्यात काही कमी ठेवलेली नाही. २०१७ सालचे जीटी १०३० जीडीडीआर५ मेमरीसह आले, तेव्हा त्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता; पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ चे कार्ड आले आणि वेग सुमारे १७ जीबीवर उतरला. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीच्या कार्डात १२८० कोअर आणि ३ जीबीच्या कार्डात ११५२. वाचणाऱ्याला वाटते की फरक मेमरीपुरताच आहे. भाच्याने हेरलेले ३०५० त्याच पठडीतले. मूळच्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आहे. फेब्रुवारी २०२४ च्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव द्यायचे आणि ओळखण्याचे काम पैसे साठवून आलेल्या पोरावर सोपवायचे, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही. त्या छोट्या ३०५० च्या बाजूने इतके मात्र म्हणावे लागेल की ते ७० वॅटमध्ये भागवते आणि बहुतेकदा त्याला वेगळी वायर लागत नाही. २०१७ साली माझ्या त्या लेबलसमोर असे कार्ड असते, तर ‘टक्’ झाले नसते.

इथवर लिहून थोडा शांत झालो आहे, म्हणून एक कबुलीही देतो. २०२० च्या अखेरीस शेजारच्या एका मुलीने मला असेच विचारले होते आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने तिला सांगितले होते, “थांब, नवी पिढी नुकतीच आली आहे, भाव उतरतील.” पुढचे वर्षभर चिपटंचाई आणि क्रिप्टो मायनिंग (ग्राफिक्स कार्डे राबवून आभासी चलन कमावणे) यांनी मिळून भाव कुठे नेऊन ठेवले, ते सर्वांना आठवत असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचे मायनिंग बंद झाले, तोवर तिचे कॉलेज संपत आले होते. ती आजही हसून बोलते. मला मात्र ते आठवले की माझे ते सहकारी आठवतात, आणि त्यांच्यावरचा राग जरासा ओसरतो.

सेकंडहँड घेतले तर त्याच पैशांत अधिक मिळते, असे कोणीतरी म्हणेल. मिळते. पण विकणारा समोर नसेल, पंख्याचा आवाज ऐकता येत नसेल आणि जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची खरी ओळख तपासता येत नसेल, तर पहिल्या कार्डासाठी मी त्याला तिकडे पाठवणार नाही.

दुपारी मी भाच्याला फोन करून कॅबिनेटची बाजू उघडायला लावली आणि लेबलचा फोटो मागवला. पहिला फोटो हलला होता, दुसऱ्यात नुसती धूळ दिसत होती, तिसऱ्यात वाचता आले: १२ व्होल्ट, ३६ अँपिअर. म्हणजे ४३२ वॅट. त्याच्या पैशांत एएमडीचे आरएक्स ६६०० सुद्धा बसते. १३२ वॅट, ८ जीबी, आणि ८ लेन असल्यामुळे ३.० च्या बोर्डावरही फारसे नुकसान नाही. डीएलएसएस (कमी पिक्सेलचे चित्र मोठे करून दाखवणारे एनव्हिडियाचे तंत्र) मिळणार नाही आणि १०८०पीला एफएसआरचे, म्हणजे एएमडीच्या तशाच तंत्राचे, चित्र त्याच्या इतके स्वच्छ नसते, हेही त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला की याला तर ८ पिनची वायर लागते, ती कुठून आणायची? मी त्याला पॉवर सप्लायच्या मागे हात घालायला सांगितले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग चौथा फोटो आला: ६ अधिक २ पिनची काळी वायर, कंपनीने घातलेल्या प्लॅस्टिकच्या वेढ्यात अजून तशीच गुंडाळलेली.

“मग घेऊ का मामा?” त्याने विचारले. मी म्हटले, “घे. आणि गटात परत विचारू नकोस.”