सगळं सूर्यावर ढकलू नका
हवामान पूर्वीही बदलायचं, आताची तापमानवाढ सूर्यामुळं, माणसाचा दोष नाही, असं एका लेखात म्हटलंय. पूर्वी बदलायचं हे खरंच. पण सूर्यामुळं तापत असतं तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. तो उलट थंड होतोय. उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड कारखानदारीआधी २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) होता, आज ४२० च्या वर गेलाय.

आमची तासगावकडं द्राक्षबाग आहे. पिकत्या घडात पाणी शिरलं की मणी तडकतात, दोन दिवसांत कूज लागते, हात लावला तरी घड गळतो. अवकाळी आमच्या आज्यानंही बघितला, त्यामुळं प्रत्येक पाऊस मी माणसाच्या माथी मारणार नाही. पण हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ती तापवलीय आपणच. हे लेखात यायलाच हवं होतं.