ब्लॉक केलं म्हणजे तोंड दाबलं?

सध्या एक विधान जोरात फिरतंय: ‘मास्टोडॉनसारखी विकेंद्रित माध्यमं स्वातंत्र्याच्या बाता मारतात, पण तिथेही सर्व्हरच्या सर्व्हर ब्लॉक होतात. ही ट्विटरचीच सेन्सॉरशिप, फक्त एका मालकाऐवजी हजार मालक.’ ऐकायला पटतं, तपासलं की टिकत नाही. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच समाजमाध्यम, पण एका कंपनीचं नाही: वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले सर्व्हर. सर्व्हर चालवणारा तो त्याचा अ‍ॅडमिन; त्याने दुसरा सर्व्हर ब्लॉक केला की दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या पोस्ट दिसत नाहीत.

‘सर्व्हरच्या सर्व्हर ब्लॉक होतात.’ होतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण गॅब या अमेरिकी समाजमाध्यमाचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांचा जीव घेणाऱ्याने हल्ल्याआधी गॅबवरच लिहिलं होतं. जुलै २०१९ मध्ये गॅबने मास्टोडॉनचा कोड घेऊन त्यावर आपलं बस्तान बसवलं. मास्टोडॉन बनवणाऱ्या रोख्कोला ते अडवता आलं नाही, कारण कोड मुक्त परवान्याचा आहे, कुणीही वापरावा. मग एकेका सर्व्हरच्या अ‍ॅडमिनने आपापला निर्णय घेऊन गॅबशी संबंध तोडले. गॅब बंद पडलं? नाही. तिथली माणसं तिथे लिहीतच राहिली. कुणालाही बोलायचा हक्क आहे, हे मी मनापासून मानतो. पण ते मी ऐकलंच पाहिजे, ही सक्ती त्या हक्कात कुठून आली?

‘ट्विटरचीच सेन्सॉरशिप.’ ट्विटरची सेन्सॉरशिप कशी असते ते आपण २०१९ मध्येच पाहिलंय. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं आधी एका फोटोवरून बंद झालं: नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत एकटाच हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. मग हिंदी कवी गोरख पांडे यांच्या कवितेवरून पुन्हा. शेवटी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. त्या नोव्हेंबरात कितीतरी भारतीय मास्टोडॉनवर आले ते याच संतापातून. इथे सर्व्हरचे नियम पटले नाहीत तर दुसरीकडे खातं उघडून फॉलोअर सोबत नेता येतात. शिवाय बरेच सर्व्हर आपल्या माहितीच्या पानावर यादीच लावतात: कोणता सर्व्हर पूर्ण तोडला, कोणता फक्त मर्यादित केला, आणि समोर कारण, ‘द्वेषपूर्ण मजकूर’ किंवा ‘स्पॅम’. चुकीचं वाटलं तर बोट ठेवायला जागा आहे.

‘हजार मालक.’ इथे मात्र दुखणं खरं आहे. अ‍ॅडमिनने खातंच निलंबित केलं तर फॉलोअर हलवता येत नाहीत. स्वतःहून निघालात तरी जुन्या पोस्ट मागेच राहतात. दोन सर्व्हरचं भांडण झालं की दोन मित्रांचा संपर्क तुटतो, त्यांचा काही दोष नसताना. २०२३ मध्ये मास्टोडॉन डॉट लोलच्या अ‍ॅडमिनने त्रासाला कंटाळून सर्व्हर बंद करायचं ठरवलं आणि हजारो लोकांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

यावर उपाय मॉडरेशन, म्हणजे मजकुरावरची देखरेख, सोडून देणं नाही. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना २०१९ पासून काही अटी पाळाव्या लागतात: वंशद्वेषाविरुद्ध सक्रिय मॉडरेशन, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हरचा ताबा घेऊ शकेल असा आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सूचना. तुमचा सर्व्हर त्या यादीत नसेल, तर अ‍ॅडमिनला हे चारही प्रश्न आजच विचारा.