‘आधी डिग्री उरका, अनुभव नंतर बघू’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. डिग्रीसोबत कामाचा अनुभव देणाऱ्या युनिव्हर्सिट्या म्हणजे नुसती जाहिरातबाजी, तिथं अभ्यासात कच्ची पोरं जातात, वर्ष वाया जातं आणि नोकरीच्या काळातही पूर्ण फी भरावी लागते. ॲडमिशनच्या दिवसांत लोक हे खरं मानतायत म्हणून लिहितोय.

‘जाहिरातबाजी’? अहो, अमेरिकेत सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत हर्मन श्नायडर यांनी ही पद्धत १९०६ साली सुरू केली.

‘कच्च्या पोरांसाठी’ हे तर सरळ चूक. कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला को-ऑप, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेली पगारी नोकरी, सक्तीचंच आहे, साधारण चार महिने क्लास मग चार महिने नोकरी असं आलटून पालटून, आणि ती नोकरी कुणी आयती हातात देत नाही, इंटरव्ह्यू देऊन मिळवावी लागते.

वर्ष वाया? वॉटरलूत इंजिनिअरिंगला चारपेक्षा जास्त वर्षं लागतात हे मान्य, पण त्यात दीड-दोन वर्षांचा पगारी अनुभव असतो ना, मग वाया काय गेलं? आणि जर्मनीत बाडेन-वुर्टेम्बर्गच्या ड्युअल युनिव्हर्सिटीत तर तीनच वर्षांत बॅचलर होतं, साधारण तीन महिने कॉलेज तीन महिने कंपनी, आणि कॉलेजच्या महिन्यांतही कंपनी पगार देते.

फीचं मात्र सरसकट काही सांगता येत नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत फुल टाइम को-ऑपवर असताना, क्लास घेतला नाही तर, ट्यूशन फी नसते. इंग्लंडमध्ये सँडविच डिग्रीत, म्हणजे मधे एक वर्ष नोकरीचं असलेल्या डिग्रीत, त्या नोकरीच्या वर्षाला फी लागते, पण कमी. तिथंच डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत नोकरी करत करत डिग्री, घेतली तर ट्यूशन फीचा भार विद्यार्थ्यावर येतच नाही, तो कंपनी आणि सरकार उचलतं.

मेसेजमधली एक भीती मात्र खरी आहे, ब्रोशरवर ‘इंटर्नशिप’ छापून मोकळी होणारी कॉलेजं खूप आहेत. म्हणून शोधताना जाहिरात बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाचा तक्ता उघडा, काम कुठल्या सेमिस्टरला आहे, सक्तीचं आहे का, क्रेडिट मिळतात का, पगार आहे का ते बघा. जर्मनीतल्या त्या ड्युअल कोर्सला किंवा इंग्लंडच्या अप्रेंटिसशिपला जायचं असेल तर आधी कंपनी शोधायची असते, कारण कंपनीनं घेतलं तरच सीट पक्की, इथंच बरेच जण उशीर करतात आणि वर्ष हुकतं. आणि कॉलेजला हे लेखी विचारा, की काम मिळालं नाही तर डिग्री अडकते का.