तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?

सोलापुरात कुणालाही पगार विचारा, शुगर किती विचारा, जावयानं फ्लॅट कितीला घेतला विचारा, लोक गाडी साइडला लावून सांगतात. फक्त पणजोबांचं नाव विचारायचं नाही. चेहराच बदलतो बघा माणसाचा. ‘कशाला पाहिजे?’ हा पहिला प्रश्न, ‘वाटणीचं काय निघालंय का?’ हा दुसरा, आणि गॅसवर चढलेला चहा तिथंच राहतो.

हे लचांड माझ्यामागं लावलं अमेरिकेतल्या पुतण्यानं. सख्खा नाही हं, माझ्या आजोबांच्या चुलतभावाचा पणतू. तिकडं त्यानं डीएनए टेस्ट केली, त्यात पुण्यातल्या कुणा गृहस्थांशी मॅच आली, आडनाव असं की आमच्या भावकीत कुणी ऐकलेलंसुद्धा नाही, आणि हा पठ्ठ्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला म्हणून आला तो बॅगेत थुंकी भरायची टेस्टची नळी घेऊनच. म्हणाला, ‘काका, फॅमिली ट्री कंप्लीट करायचा.’ म्हणजे करायचा मी, तो व्हिडिओ कॉलवर बघणार.

आधी कागद. सातबारा, फेरफार, शाळेचे दाखले सगळं गोळा केलं, तर आमच्या घराण्यातली निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली. घराणं ग्रेट वगैरे काही नाही, शाळा जूनला सुरू व्हायची आणि पोरगं वयात बसावं म्हणून मास्तर ठोकून द्यायचे 1 जून. बरं, नातवाला आजोबाचंच नाव द्यायची पद्धत, त्यामुळं गणू बिन रामा, त्याचा रामा बिन गणू, त्याचा परत गणू. कुठला गणू कर्ज काढणारा आणि कुठला फेडणारा हे कागदावरून कळायचा मार्गच नाही.

जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14, आणि ती मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्यांना 2023 पासून, कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून, असला भाव आलाय की मुलीच्या लग्नाचा हॉल लवकर मिळंल पण मोडीवाला मिळत नाही. मिळाला तो भिंग लावून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ‘मुलगा झाला.’ कुणाला? ‘रामाला.’ कुठल्या? तर म्हणे ते लिहिलेलं नाही.

मग नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मात्र खरंच भारी प्रकरण, गाव आणि आडनाव सांगितलं की लाल कापडात बांधलेलं लांबडं बाड बाहेर येतं, आणि कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, भाऊ किती, मुलं किती, सगळं हजर. आमचे पणजोबा सापडले. ‘सोबत कुटुंब’ असं लिहिलेलं, म्हणजे पणजी, तिचं नाव नाहीच. आणि पणजोबांचे भाऊ दोन! आम्हाला एकच माहीत. हा दुसरा कुठनं आला, आणि मुख्य म्हणजे गेला कुठं?

तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, यांची थिअरी अशी की तो 1896 च्या दुष्काळात गाव सोडून सोलापूरला जुन्या मिलमध्ये, म्हणजे कापडगिरणीत, लागला असणार. पुरावा काय, तर तेव्हा सगळेच लागायचे.

आता तात्यांची थुंकी घ्यायची होती. म्हाताऱ्या पिढीचीच लागते कारण डीएनए दर पिढीला अर्धा अर्धा होत जातो, आणि वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडंच जातो म्हणून पुरुषच पाहिजे. टेस्टच्या आधी अर्धा तास खायचं प्यायचं नाही. तात्या तंबाखूशिवाय अर्धा तास! सिद्धरामेश्वराची शपथ घालून बसवलं, चुळा भरून घेतल्या, तर तोंड कोरडं ठक्क. नळीवर रेघ असते तिथवर भरायची, तीही फेस सोडून. शेवटी आक्कानं स्वयंपाकघरातून शेंगा चटणीत तेल घालून वाटी आणली आणि नुसती नाकासमोर धरली. रेघेच्या वर गेली.

रिझल्ट आला तसे तात्या रुसले. आपण मूळचे उदयपूरचे राणे असं त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं, आणि नकाशात रंगवलेलं दख्खन. ‘मशीन फॉल्टी हाय.’

पुण्याचे ते गृहस्थ मात्र तात्यांनापण मॅच झाले, आणि भलतेच जवळचे. आता हिशोब असा की सख्ख्या चुलतभावांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा, त्यांच्या मुलांमुलांत तीन टक्क्यांच्या वर थोडा, त्याच्या पुढच्या पिढीत पाऊण टक्का आणि शंभरातल्या दहाएक जोड्यांत तर काहीच सापडत नाही. पण आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या, त्यामुळं एकच माल दोन्ही बाजूंनी येतो आणि कॉम्प्युटर बिचारा लांबच्याला जवळचा समजतो.

हे सगळं मी समजावून सांगत होतो आणि आक्का शेंगा सोलत होती. न बघताच म्हणाली, ‘पणज्याचा तो भाऊ होय? दत्तक गेला की बार्शीला. आडनाव बदललं. आमची आजी सांगायची.’

अगं मग आधी सांगायचंस की!

‘विचारलंस कुठं बे तू मला? तुम्हाला गडीमाणसाची थुंकी पाहिजे होती.’

पुण्याला फोन झाला. गृहस्थ चांगले निघाले, वाटणीचं काही नाही म्हटल्यावर तर फारच चांगले. त्यांचा मुलगा आयटीत, आमच्या भाचीचं बघायचं चाललेलं, तात्यांनी फोनवरच बोलाचाली सुरू केली. भाचीचं आडनाव वेगळं, त्यांचं वेगळं, अडचण काय! तर इतके दिवस ‘थुंकीत काय कळतंय’ म्हणणारी आक्का पुढं झाली आणि तात्यांच्या हातातला फोन काढून घेतला.

‘भाचीची आई कोणाची? आपलीच ना? आणि तो पोरगा आपल्याच पणज्याच्या भावाचा. दत्तक जाऊन आडनाव बदललं, रक्त बदललं का? किती टक्के म्हणलास रे ते?’

तात्या म्हणाले, मामाची मुलगी चालते मग हे का नाही. त्यावर दोघांचं जे जुंपलं ते पुतण्यानं तिकडून रेकॉर्ड करून ठेवलंय. स्थळ गेलंच. आता भाचीला येईल त्या स्थळाला आक्का आधी विचारते, ‘टेस्ट केली का?’ पत्रिका नंतर.