कर्ट अ‍ॅबरडीनकर

परवा गाडीत रेडिओ चालू होता. निवेदक एकदम फॉर्मात येऊन म्हणाला, आता ऐकूया आपल्या सिएटलच्या पोरांचं गाणं. आणि लागलं निर्वाणा या रॉक बँडचं गाणं. मी स्टेअरिंगवर हात आपटला. बायको म्हणाली, "तुला रे काय त्याचं? तू कुठं सिएटलचा नि कुठं अ‍ॅबरडीनचा!"

मी इचलकरंजीचा. म्हणून तर तिडीक आली.

निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन १९६७ साली जन्मला तो अ‍ॅबरडीनला. अमेरिकेतल्या आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिमेला ग्रेज हार्बर नावाची खाडी आहे, तिच्या आतल्या टोकाला वसलेलं हे लाकूडतोड्यांचं गाव. सिएटलहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. बास वाजवणारा क्रिस्ट नोव्होसेलिच १९७९ मध्ये घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियातून तिथं आला. दोघांची गाठ तिथंच पडली आणि १९८७ मध्ये बँडही तिथंच उभा राहिला. ड्रमर डेव्ह ग्रोल फार नंतरचा, १९९० चा. तो ओहायोत जन्मलेला आणि व्हर्जिनियात वाढलेला. म्हणजे सगळं खानदान तपासलं तरी सिएटल कुठंच सापडत नाही.

मग सिएटल चिकटलं कुठून? रेकॉर्ड कंपनी सिएटलची. पहिला अल्बम 'ब्लीच' सिएटलच्या स्टुडिओत झाला, खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. पुढं १९९१ ला 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनला बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिल्या नंबरावरून उतरवलं. तेव्हा जगभरचे कॅमेरे सिएटलला उतरले, कारण विमानतळ तिथं, हॉटेलं तिथं. पुढं आणखी अडीच तास गाडी हाकून पावसात चिखल तुडवायला कोण जाणार? आणि स्टुडिओवरूनच गाव ठरवायचं असेल, तर 'नेव्हरमाइंड' लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाला. मग म्हणा की त्यांना लॉस एंजेलिसचे!

बरं, सिएटलला काही कमी आहे का? गिटारवाला जिमी हेंड्रिक्स तिथला, साउंडगार्डन बँड तिथला, पर्ल जॅम बँड तिथला. विमानं झाली, कॉफी झाली, सॉफ्टवेअर झालं. जेवून ढेकर दिलेल्या माणसानं शेजारच्याच्या ताटातली एकुलती एक भाकरी उचलावी, तसं चाललंय हे.

२०१९ च्या शरद ऋतूत मी मुद्दाम अ‍ॅबरडीनला जाऊन आलो. राज्याची राजधानी ऑलिंपिया मागं पडली की रस्ता पश्चिमेला वळतो, झाडी दाट होते आणि वायपर थांबायचं नाव घेत नाहीत. सिएटलच्या पावसाची लोक उगाच चर्चा करतात. अ‍ॅबरडीनला त्याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. आमच्याकडच्यांना सांगायचं तर कोल्हापूर आणि गगनबावडा. वाटेत मॉन्टेसानो लागतं. मेल्विन्स हा बँड मूळ तिथला, पण त्यांची तालीम चालायची अ‍ॅबरडीनला, ड्रमरच्या आईवडिलांच्या घरी. शाळकरी कर्ट तिथं जाऊन बसायचा. तो संथ, जड, चिखलातून पाय ओढत चालल्यासारखा आवाज पुढं सिएटलच्या नावानं जगभर विकला गेला. त्याचं एक मूळ त्या घरात आहे.

गावात शिरताना पाटी दिसते: 'वेलकम टू अ‍ॅबरडीन', आणि खाली 'कम अ‍ॅज यू आर'. निर्वाणाच्या गाण्याचं नाव गावच्या वेशीवर. ही ओळ लागली २००५ मध्ये, कर्टच्या मृत्यूला अकरा वर्षं झाल्यावर. गाव १७ हजारांच्या आसपास वस्तीचं. मुख्य रस्त्यावर कितीतरी दुकानं बंद होती. लाकडाचा धंदा आधीच बसत आलेला. १९९० मध्ये ठिपक्यांचं घुबड संरक्षित यादीत गेलं, सरकारी जंगलातली तोड घटली आणि उरलंसुरलंही गेलं. घुबडाची बाजू मला पटते. पण बंद गिरणीचा भोंगा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगू नये. माग बंद पडले की आमच्या गल्लीत जी शांतता पसरायची, ती मला तिथं ओळखीची वाटली.

आता गंमत ऐका. गावानं कर्टचा पुतळा केला. काँक्रीटचा, हातात गिटार, गालावर अश्रू. २० फेब्रुवारी २०१४ ला, त्याच्या वाढदिवशी, 'कर्ट कोबेन दिवस' जाहीर करून त्याचं अनावरण झालं. पुतळा बघून जग हसलं. (खरं सांगू? मलाही हसू आलं. चौकाचौकांतल्या पुतळ्यांची सवय असूनसुद्धा.) त्याला दोन महिने होताहेत तोवर शेजारच्या होक्वियमनं १० एप्रिल हा 'निर्वाणा दिवस' जाहीर करून टाकला. का, तर कर्ट तान्हा असताना कोबेन कुटुंब आधी आमच्याकडं राहत होतं! दोन गावांच्या मध्ये धड शेतही नाही, एक संपतं तिथं दुसरं सुरू होतं. इचलकरंजी आणि जयसिंगपूरची आठवण येऊन मी गाडीत एकटाच हसत होतो.

पुतळा गावच्या संग्रहालयात ठेवला होता. ती इमारत २०१८ मध्ये जळाली. मी गेलो तेव्हा बघायला उरलं होतं ते म्हणजे कर्टचं घर, तेही बाहेरूनच, आणि विश्का नदीवरचा छोटा पूल. या पुलाखाली आपण झोपायचो असं कर्ट सांगायचा. क्रिस्ट म्हणतो, काहीतरीच, तिथं भरतीचं पाणी येतं. मी खाली उतरून बघितलं. क्रिस्टचं खरं वाटतं.

मागं एका मित्रानं मला खोडून काढलं होतं. म्हणे, कर्टला स्वतःलाच ते गाव नको होतं, मुलाखतींत त्यानं अ‍ॅबरडीनला किती नावं ठेवलीत बघ. बरोबर आहे. शाळा सोडली आणि पुढं त्याच शाळेत झाडूपोछा केला, अशा गावाबद्दल कोण गोड बोलेल? पण आवडतं ते आपलं गाव, असा नियम कुणी केला? सिएटलात तो राहायला आला तो प्रसिद्धी मिळाल्यावर, अगदी अखेरीला. गाण्यांतला वैताग त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आपल्याकडं या रोगावर किती साधा इलाज आहे! 'कर'. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली बाळकृष्णबुवांनी. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचे गुरू. गाणं ग्वाल्हेरचं, पण नाव इचलकरंजीकर. कुठल्याही निवेदकाची बिशाद नाही त्यांना कोल्हापूरचे म्हणायची, कारण नाव घेतलं की गाव आपोआप येतं. आणि शिष्य पलुसकर, म्हणजे पलूसही आलं. कर्टला कुणीतरी अ‍ॅबरडीनकर म्हणायला हवं होतं.

तर त्या रेडिओवाल्याला मी रात्री ई-मेल केला. चांगला चार परिच्छेदांचा, पावसाच्या आकड्यासकट. सकाळी उत्तर हजर. माणूस सज्जन निघाला. चूक मान्य, उद्या दुरुस्त करून सांगतो म्हणाला. आणि शेवटी विचारलं होतं, तुम्हाला एवढी माहिती कशी, तुम्ही मूळचे कुठले?

बोटांनी सवयीनं टाइप केलं, 'मुंबईजवळचा'.

इचलकरंजी ते मुंबई, चारशे किलोमीटर. बायको मागं उभी राहून वाचत होती.