एका मिलीलीटरला चोवीस पैसे

०.२४ रुपये प्रति मिलीलीटर. आमच्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, अर्ध्या लिटरच्या बाटलीवर हे छापावं लागतं. छापील किंमत १२० रुपये, आणि तिच्या शेजारी हा हिशेब, कारण पाकीटबंद मालाचे नियम सांगतात की माल एक लिटरच्या आत असेल तर दर मिलीलीटरमागे किंमत लिहा. सोलकढी करणाऱ्या कुठल्या बाईने आजवर आगळ मिलीलीटरने मोजलंय? ती दोन चमचे घालते, चाखते, नाक मुरडते, अजून अर्धा घालते. आणि चोवीस पैसे द्यायचे कसे? पंचवीस पैशांचं नाणं तर सरकारनेच २०११ साली बंद केलं.

मला कळतं हो हा नियम कशासाठी आहे ते. मॉलमध्ये शाम्पूच्या दहा आकारांच्या बाटल्या असतात, गिऱ्हाइकाला तुलना करता यावी. चांगली गोष्ट आहे. पण आम्ही मॉलमध्ये नाही, हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली बसतो, आणि आमच्याकडे बाटली एकाच मापाची असते. नियम आला तेव्हा हा हिशेब नसलेले स्टिकर नुकतेच छापून घेतलेले होते. छापखानेवाला शंभर-दोनशे नगांची ऑर्डर घेत नाही, हजारोंनी घ्यावे लागतात. ते जुने रोल अजून माळ्यावर आहेत. घरची पोरं वह्यांना लावतात. सगळ्या शाळेला माहीत आहे आमच्या आगळात मीठ किती ते.

लगेच कोणीतरी म्हणणार, मग काय नियमच नकोत? नकोत असं कोण म्हणतंय? रंग आणि लिंबूफूल घालून 'कोकणचा मेवा' म्हणून बाटल्या खपवणारे आमच्याच पोटावर पाय देतात. त्यांना पकडा, आम्ही हार घालू. पण तपासणी त्याचीच होते ज्याचा पत्ता कागदावर आहे. ज्याने नोंदणीच केली नाही त्याला कोण शोधायला जातो? नोंदणी करणारा सापडतो आणि न करणारा सुटतो.

आता सातबाऱ्याची गोष्ट. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला, वाळवायला पावसाआधी पक्की शेड हवी होती, तिला वीज हवी होती, कर्ज हवं होतं. योजना होती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची, २०२० पासूनची, ३५ टक्के अनुदान. जाहिरातीत बाई हसत बरणी धरून उभी. आम्हीही हसत गेलो. तिथे म्हणाले, जागेचा सातबारा आणा. आणला. त्यावर आजोबांचं नाव, काकांचं, आत्यांचं, वारलेल्यांचं, आणि त्यांच्या वारसांचं. कोकणात कोणाच्या सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असतं का? म्हणाले, सगळ्या सहहिस्सेदारांची ना हरकत आणा, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून.

सहहिस्सेदार कुठे? एक लालबागला, एक डोंबिवलीत, दोघं नालासोपाऱ्याला, एक चुलतबहीण सुरतेला दिलेली. ते सगळे एका छपराखाली येतात फक्त गणपतीत. म्हणजे आरती झाली, मोदक झाले, की कागद काढायचे. 'दादा, इथे सही करा, काही नाही, शेडसाठी आहे.' मग दादाच्या बायकोला शंका येणार, शेडच्या नावाखाली जमीन लाटतायत की काय. पाच दिवसांत अर्ध्या सह्या होतात, उरलेल्या पुढच्या गणपतीला. आणि रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये! झाडाला ना हरकत लागत नाही. फळ पिकलं की पडतं, आणि मृगाचा पाऊस आला की सोलांना, म्हणजे वाळत घातलेल्या सालींना, बुरशी.

तीन-चार आठवड्यांचा धंदा आहे आमचा. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली आगळात बुडवून उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. बायांचे हात कोपरापर्यंत लाल असतात आणि आंबटाने बोटं चिरलेली. नेमकं तेव्हाच पोर्टल म्हणतं, अंगठा लावा. कसा लागणार? 'तुमचा ठसा जुळत नाही.' सेवा केंद्रातला पोरगा सांगतो, 'काकी, सर्वर डाउन आसा, उद्या येवा.' त्याची काय चूक?

अन्न नोंदणीची फी मी भरली तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. शंभर! एवढी स्वस्त सेवा म्हणून मंत्री मिरवतात. त्या शंभरामागे बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं, झेरॉक्स, आणि शेवटी 'ते सगळं बघून घेतो' म्हणणाऱ्या एजंटाचे पैसे कोण मोजतं? मोजतच नाहीत, हाच तर राग आहे. नियम करताना पाळायला किती खर्च येईल हे कुठेच लिहिलेलं नसतं. फी लिहिलेली असते.

आणि प्रत्येक खात्याला तेच कागद नव्याने. आधार सरकारनेच दिलं, पॅन सरकारनेच दिलं, सातबारा तर महसूल खात्याच्या संगणकातूनच निघतो. तरी तो काढून, झेरॉक्स करून, साक्षांकित करून सरकारलाच परत द्यायचा. एका साहेबाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर कागद न्यायचं काम आमचं, आणि त्याचा पगार नाही.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. वाचून बरं वाटतं. पण मुदत संपायच्या आदल्या दिवशी फाइलवर 'त्रुटी' निघते. कसली? नावात काना राहिला. झालं, घड्याळ पुन्हा शून्यावर.

आपला देश जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत ६३ वर पोचला म्हणून केवढे ढोल वाजले होते! ती पाहणी भारतात मुंबई आणि दिल्ली, दोनच शहरांची होती. पुढे आकड्यांत गडबड निघाली म्हणून जागतिक बँकेने २०२१ मध्ये ती यादीच गुंडाळली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली तुरुंगाची भीती कमी केली, ठीक आहे, पण आमच्या अर्जातला एक रकाना तरी कमी झाला का?

जमतं, असंही नाही की जमत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, नुसती सूचना द्या, असं केलं. कोणाचं आभाळ कोसळलं? हीच अक्कल बाकीच्या खात्यांना वापरायला कोणी बंदी केली आहे का?

उलटं उदाहरण दुधाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधाच्या पिशव्यांवरून ए-वन, ए-टू हे दुधातल्या प्रथिनाचा प्रकार सांगणारे शब्द काढून टाका म्हणून फर्मान काढलं आणि पाचव्या दिवशी मागे घेतलं. आधी विचारायचं, मग हुकूम काढायचा, एवढंही उलटं? विचारायची पद्धत सरकारने स्वतःच २०१४ साली ठरवली आहे: कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा. ठेवतात तेव्हाही इंग्रजीत, संकेतस्थळाच्या पोटात कुठेतरी, पीडीएफ.

मराठीत काढा. आणि लावणी आटपल्यावर, श्रावणात काढा, आम्ही बसून ओळ न् ओळ वाचू आणि हरकती पाठवू. मे महिन्यात काढलात तर एकही हरकत येणार नाही, आणि तुम्ही शेरा माराल, 'उद्योजकांचा आक्षेप नाही.'